गुहेतला दिवा कोणी जाळला

त्या काळी नागपुरात संत्री किती होती हे देवालाही ठाऊक नव्हतं, पण घरगुती कॉम्प्युटर किती होते ते मी छातीठोक सांगायचो. एक. आणि तो नंदनवन वस्तीत, माझ्या घरी, कपाटात बायकोच्या शालूखाली झोपलेला असायचा. सरकारी कचेऱ्यांत असतील आणखी, थंडगार काचेच्या खोलीत, चपला काढून दर्शन घ्यावं लागायचं असे. पण ज्याला पाटावर बसवून तोंडावर शिव्या घालता येतील असा एकच. याहून वेगळा आकडा कोणी सांगितला तर समजा, तो गडी आमच्या ओळखीचा नव्हता. आणि आमच्या ओळखीचा नव्हता म्हणजे तो नागपूरचाच नव्हता.

आता तो कॉम्प्युटर माझा नव्हता, ही गोष्ट मी तेव्हा फारशी कोणाला सांगत नसे. तो साळ्याचा. साळा मूळचा भंडाऱ्याचा, पण कुवेतला नोकरीला होता. एका सुट्टीत त्याने ते पोळपाटाएवढं काळं यंत्र आणलं, रबराच्या बटणांचं, आणि म्हणाला, "भाऊजी, सांभाळा. मी कायमचा परत आलो की घेऊन जाईन." कुवेतला गेलेली माणसं कायमची परत येण्याच्या गोष्टी दर सुट्टीत करतात. तेव्हा मी यंत्र आपलंच धरून चाललो.

यंत्र टीव्हीला जोडायचं, टेपरेकॉर्डरला जोडायचं, आणि कॅसेट लावायची. मग टेपरेकॉर्डरमधून असा आवाज निघायचा की जणू कोणी मांजर मिक्सरमध्ये घातलं आहे. तो आवाज ऐकत चहा पिऊन व्हायचा, पेपर वाचून व्हायचा, आणि नेमका शेवटच्या क्षणाला शेजारणीचा फ्रीज सुरू झाला की सगळं मुसळ केरात. पुन्हा मांजर, पुन्हा मिक्सर. शेजारणीला फ्रीज बंद ठेवायला सांगायला मी गेलो होतो. तिने मला दारातच विचारलं, "काहून? तुमच्या मांजरीले त्रास होऊन राहिला का?"

कॅसेटवर एक खेळ होता. चित्रं नाहीत, गोळ्या नाहीत, गाड्या नाहीत. नुसतं इंग्रजी लिखाण. तुम्ही जंगलात उभे आहात. उत्तरेला वाट आहे. इथे एक झोपडी आहे. मग आपण दोन शब्दांत हुकूम लिहायचा: उत्तरेला जा, दार उघड, तलवार घे. खेळाला कळलं तर तो पुढचं सांगायचा. आणि शंभरातून नव्वद वेळा तो एकच उत्तर द्यायचा: आय डोन्ट अंडरस्टँड.

मी विजेच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर बसायचो. इतकी वर्षं हेच वाक्य मी लोकांना मराठीत ऐकवत होतो, डोकं वर न करता. आता कोणीतरी ते मला ऐकवत होतं, तेही माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीवरून. झाड चढ म्हटलं, समजलं नाही. झाडावर चढ म्हटलं, समजलं नाही. झाडाला आग लाव म्हटलं, तेव्हा मात्र हरामखोराला समजलं आणि मी जळून मेलो.

अशा खेळाला माणसं कशी मिळाली ते ऐका. खिडकीवर काटोलचे एक बागवाले आले होते, विहिरीवरच्या मोटरचं कनेक्शन मागायला. मी तेव्हा चपराशाला पुलावरच्या राक्षसाची हकीकत सांगत होतो. त्या खेळात नदीवर पूल होता, पुलावर राक्षस, आणि तो आम्हाला पलीकडे जाऊ देत नव्हता. बागवाले खिडकीच्या गजांना धरून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मंग? त्याले काही खायले देऊन पाह्यलं का?" कनेक्शनचा अर्ज ते काउंटरवरच विसरून गेले, आणि शनिवारी काटोलच्या बसने संत्र्यांची टोपली घेऊन थेट नंदनवनात हजर.

टेलिफोनवाल्या ताई त्याहून विचित्र वाटेने आल्या. कॅसेट नीट लागत नव्हती म्हणून मी साळ्याला कुवेतला ट्रंककॉल लावला. बोलता बोलता राक्षसाचा विषय निघाला, आणि आम्हा दोघांच्या मधोमध एक तिसरा आवाज आला. "अवो, पण उत्तरेकडून काहून जात नाही तुम्ही?" साळ्याला वाटलं कुवेतचं सरकार बोलून राहिलं. त्या होत्या एक्स्चेंजवरच्या ऑपरेटर. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नाही असा त्यांचा नियम होता. पण राक्षस काही दुसऱ्यांच्या बोलण्यात मोडत नाही, असं त्यांचं मत पडलं. चौथे आमचे सर, कॉलेजात फिजिक्स शिकवणारे. ते व्होल्टेजचा काहीतरी हिशोब समजून घ्यायला आले होते आणि परत गेलेच नाहीत.

झालं. मंडळ जमलं. यंत्र पाळीपाळीने फिरायचं, भिशीसारखं. एक आठवडा माझ्याकडे, एक सरांकडे, एक ताईंकडे, एक काटोलला. लोखंडी पेटीत गोधडी, गोधडीत यंत्र, यंत्राशेजारी टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट. खेळ जिथे थांबला ती जागा त्या कॅसेटवर भरून ठेवायची आणि पुढच्याने तिथूनच उचलायचा.

एकच कॅसेट. हा नियम सरांचा. सुरुवातीला आमच्याकडे दोन होत्या, आणि त्याने घर फुटायची वेळ आली. ताईंच्या कॅसेटवर लांडगा मेलेला, बागवाल्यांच्या कॅसेटवर लांडगा जिवंत. दोघं लांडग्याबद्दल बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटायचं वारसाहक्काचा दावा चालू आहे. तेव्हा सरांनी निकाल दिला: "जग एकच. त्यात लांडगाही एकच. आणि कॅसेटही एकच." आम्ही टाळ्या वाजवल्या. फिजिक्सचा माणूस जगाबद्दल बोलला की टाळ्या वाजवाव्या लागतात. तिथेच आमचं वाटोळं सुरू झालं, पण टाळ्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही.

मी मंडळाचं पत्रकही काढायचो. एक पान, ऑफिसच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर, साहेब जेवायला गेले की. त्यात बातम्या. "काटोल: आमच्या वार्ताहराकडून. राक्षस अद्याप पुलावरच. त्याला तलवार दाखवून पाहिली, फळ देऊन पाहिलं, रागावून पाहिलं. तो हसतो." "सदर भाग, सरांकडून: उत्तरेकडील दलदलीत आपला माणूस चौथ्यांदा बुडाला. अंत्यविधी झाला नाही." जगात मोठमोठ्या गोष्टी घडत असतील, आमच्या पत्रकात राक्षसाची तब्येत पहिल्या पानावर. तसं पान एकच होतं म्हणा.

पत्रकाच्या प्रती किती, तर चार सभासदांना चार आणि पाचवी पुण्याला. पुण्यात असंच एक मंडळ होतं, हाच खेळ खेळणारं; सरांच्या कुठल्याशा परिषदेत ओळख निघाली. आम्ही पत्रक पाठवायचो, ते पोस्टकार्ड पाठवायचे. पोस्टकार्डावर दरवेळी तोच मजकूर, फक्त शाई वेगळी: आपले प्रयत्न वाचून करमणूक झाली. आमचा खेळ केव्हाच पूर्ण झाला आहे. उत्तर सांगणे आमच्या नियमात बसत नाही.

ते कार्ड आलं की मला दोन दिवस अन्न गोड लागायचं नाही. अरे, एक शब्द लिहा! राक्षसाला काय हवं तेवढं सांगा! तिकडे पाणी मागितलं तर पेल्याचा आकार सांगतात अशी माणसं. मी ते कार्ड घेऊन घरभर नाचायचो, आणि बायको म्हणायची, "अवो, तुमचा राक्षस पुलावर हाय का पुण्यात?"

राक्षस हटला तो ताईंच्या पाळीत. कसा, तर दिवसभर ड्युटी करून घरी आलेली बाई, दमलेली, वैतागलेली. तिने यंत्र लावलं आणि हाताला सवय होती तोच शब्द लिहिला. हॅलो. राक्षसाने हात जोडले आणि बाजूला सरकला. आम्ही त्याला मारायला, फसवायला, चारायला अख्खा पावसाळा घातला होता. त्याचं म्हणणं एवढंच की आधी बोला तरी माणसासारखं. मी त्या दिवशी इतका चिडलो की पत्रकाचा विशेष अंक काढला.

पुलापलीकडे गुहा. गुहा काळीकुट्ट, दिवा नसेल तर दोन पावलांत खड्डा आणि मरण. पण दिव्याची चिंता नव्हती. झोपडीतला कंदील आमच्याजवळ होता आणि चांगला पेटत होता. गुहेच्या नकाशासाठी सरांनी ग्राफपेपर आणला, हळूहळू बोगदे मांडले, आणि दसऱ्याच्या सुमाराला आम्हाला कळलं की सगळ्यात आत एक लोखंडी दरवाजा आहे. त्याच्या मागे खेळाचा शेवट. दरवाज्याची किल्लीही ताब्यात आली. मी पत्रकात ठणकावून छापलं: पुढच्या अंकात शेवट. पुण्याची प्रत मी स्वतः पोस्टात टाकली, टपालपेटीला दोन थापा मारून.

आणि त्याच आठवड्यात साळ्याची तार आली. कायमचा परत येऊन राहिलो. रविवारी मुंबईच्या गाडीने नागपूर, संध्याकाळच्या शेवटच्या बसने भंडारा. यंत्र बांधून ठेवा, पोरीला कबूल केलंय.

मी तार तीनदा वाचली. कुवेतला गेलेला माणूस कायमचा परत आल्याची ती हिंदुस्थानातली पहिलीच केस असावी, आणि ती माझ्याच नशिबी.

म्हणजे हिशोब सोपा होता. रविवारी संध्याकाळपर्यंत दरवाजा उघडला तर उघडला. नाहीतर यंत्र भंडाऱ्याला, खेळ भंडाऱ्याला, आणि दरवाज्यामागे काय होतं ते मरेपर्यंत कळायचं नाही. दुसरं यंत्र आणणार कुठून? सबंध नागपुरात कॉम्प्युटर किती ते मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

रविवारी सकाळी सगळे नंदनवनात. बागवाले पहिल्या बसने आले. ताईंनी ड्युटी बदलून घेतली. सरांनी ग्राफपेपरची गुंडाळी काखेत धरली होती, जणू सर्व्हे खात्याने पाठवलं आहे. बायकोने पाटवड्यांचा रस्सा चढवला होता. शेजारणीच्या घरी जाऊन मी स्वतः फ्रीजचा प्लग काढून आलो. मांजर मिक्सरमधून पहिल्याच झटक्यात सुखरूप बाहेर पडलं. कॅसेट लागली.

गुहा. डावीकडे. खाली. पुन्हा डावीकडे. दरवाजा अगदी दोन वळणांवर आला, आणि पडद्यावर एक नवीच ओळ उमटली. सरांनी चष्मा पुसून वाचली. "तुमचा दिवा मंद होत आहे."

"म्हंजे?" बागवाले म्हणाले.

"म्हणजे मंद होतोय."

"अजी पण काहून?"

मी घाईघाईने पुढचा हुकूम लिहिला. दिवा गेला. काळोख. आणि खाली ती ओळ, जी आम्हाला आता तोंडपाठ होती: तुम्ही खड्ड्यात पडला आहात. पुन्हा कॅसेट लावली. पुन्हा तीच वळणं, तोच मंद दिवा, तोच खड्डा. पाच वेळा पडलो. कॅसेटवर भरून ठेवलेल्या जागीच दिव्याचं तेल संपत आलेलं होतं. आणि कॅसेट एकच होती. जग एकच होतं. सरांनी भिंतीकडे पाहायला सुरुवात केली.

"तेल जाळलं कोणी?" मी उठून उभाच राहिलो. "बोला! कोणाच्या पाळीत जळलं?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "दिवा मी लावला होता, भाऊ. आपला माणूस झोपडीत होता तेव्हाच."

"झोपडीत? दिवसाढवळ्या?"

"त्याच्याकडे दिवस असंन. माझ्याकडे तिन्हीसांज झाली होती. घरी बुद्धासमोर मेणबत्ती लावली, तर म्हटलं याचाही लावून देऊ. एकटा जीव, अंधारात काहून बसंन?"

"मग नंतर विझवला काहून नाही?"

ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खड्ड्यात पडल्यासारखा झालो. "दिवेलागणीले बसून, दिवा विझव म्हणून लिहू? आपल्या हातानं? तुम्हीच लिहा गा बापा."

बागवाले मान हलवायला लागले. "माझ्या घरी आला तवा जळूनच राहिला होता. मले वाटलं, कोन्या बाईमाणसानं लावला असंन. लावलेल्या दिव्याले मी कायले हात लावू?"

"सर, तुम्ही तरी?"

सर भिंतीकडे पाहतच म्हणाले, "माझ्या लक्षात आलं होतं. मी बंद करणारही होतो. पण शुक्रवार होता, आणि आमची ही शेजारीच बसली होती." मग फिजिक्स त्यांच्या मदतीला आलं. "आणि एक सांगतो. याचं तेल वेळेप्रमाणे जळत नाही. आपण एक हुकूम लिहिला की एक थेंब जातो. हुकूम कुठलाही असो. शहाणपणाचा असो की," इथे ते थांबले, "इतर प्रकारचा असो."

आता सगळे माझ्याकडे पाहायला लागले. इतर प्रकारचे हुकूम कोण लिहायचं हे मंडळात सर्वांना ठाऊक होतं. आय डोन्ट अंडरस्टँड आलं की मी त्या यंत्राला अस्सल नागपुरी शिव्या इंग्रजी अक्षरांत लिहायचो, एकापाठोपाठ एक, मन निवेपर्यंत. माझं मन निवायला फार वेळ लागतो. म्हणजे प्रत्येक शिवीला एक थेंब. त्या हिशोबाने मी एकट्याने रॉकेलचा टँकर फस्त केला होता.

"पण या घरात तरी मला कोणी विझवायला सांगायचं ना एखाद्या वेळी!" मी शेवटचा हात मारून पाहिला.

स्वयंपाकघरातून आवाज आला. "तुम्ही विझवून राहिले होते एकदा. मीच म्हटलं, राहू द्या, दिवा मालवू नका, पोराची परीक्षा हाय."

माझ्या खिडकीवर ऑफिसने पाटी लावली होती: गरज नसेल तेव्हा दिवे बंद करा. मी वर्षानुवर्षं त्या पाटीखाली बसत होतो. ती पाटी लोकांसाठी होती.

मग जे व्हायचं ते झालं. चार घरं, चार प्रकारचे देव्हारे, आणि दिवा विझव हा हुकूम चारांपैकी एकाही घरात कोणी एकदाही लिहिला नव्हता. विलायतेत बसून ज्याने तो खेळ लिहिला, त्याला वाटलं असेल, काम झालं की माणूस दिवा बंद करतोच. त्याची आई त्याला कधी रागावली नसणार.

"पहिल्यापासून," सर एकदम म्हणाले. "वाट माहीत आहे. राक्षसाला काय म्हणायचं ते माहीत आहे. चला."

मी घड्याळाकडे पाहिलं, आणि मुंबईची गाडी उशिरा यावी म्हणून अशी प्रार्थना केली की स्टेशनमास्तरला उचकी लागली असेल. गाडी उशिरा आलीही. आयुष्यात रेल्वेने माझं ऐकलं ते तेवढंच.

पाटवड्या यंत्राशेजारीच खाल्ल्या. रबराच्या बटणांना रस्सा लागला. त्याला तिखट लागून ते जास्त भराभरा चालायला लागलं, असं मी आजही शपथेवर सांगेन. झोपडी. कंदील घे. तो लावायचा नाही. ताईंनी पदर तोंडाला लावला. दलदल टाळली. लांडगा मारला. पूल आला, ताईंनीच हॅलो लिहिलं, राक्षसाने हात जोडले. गुहेच्या तोंडाशी दिवा लावला. लख्ख. भरलेला. मी एकही शिवी लिहिली नाही. गेल्या वर्षभरात माझ्या जिभेला इतका त्रास कधी झाला नव्हता.

दुसऱ्या वळणावर होतो तेव्हा ऑटो थांबल्याचा आवाज आला. साळा आत आला, हातात कुवेतची बॅग. "भाऊजी, बांधलं नाही अजून? बस सुटंन ना माझी!"

"बस, बस. दोन हुकूम राहिले."

"कायचे हुकूम? ऑटोवाल्याले थांबवून ठेवलंय."

"बसा ना गा तुम्ही," बागवाल्यांनी त्याच्या हातात संत्रं दिलं. "दरवाजा उघडून राहिला."

साळा उभ्या उभ्या संत्रं सोलायला लागला. पडद्यावर लोखंडी दरवाजा होता. सर म्हणाले, "उघडण्याआधी कॅसेटवर भरून ठेवू. आत काय असेल सांगता येत नाही."

"सर, बस सुटून राहिली!"

"जग एकच आहे," सर म्हणाले. "पुन्हा खड्ड्यात घालायचं आहे का?"

आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत, पण ऐकलं. मांजर मिक्सरमध्ये गेलं. ते ओरडत होतं, आम्ही श्वास रोखून बसलो होतो, बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, आणि लाइट गेली.

टीव्हीवरचा दरवाजा आधी एक पांढरा ठिपका झाला, मग काहीच नाही. पंखा थांबला. अख्खं नंदनवन अंधारात. दिसत कोणाचं तोंड नव्हतं, पण मला कळत होतं की प्रत्येक तोंड माझ्याकडे वळलं आहे.

"भाऊजी," साळ्याचा आवाज आला, "तुमच्याच ऑफिसची हाय ना ही लाइट?"

बायको आतून समई घेऊन आली. पाटावर ठेवली, यंत्राशेजारी. कोणाकडे न पाहता म्हणाली, "हे घ्या. याले कितीही हुकूम सोडा." साळ्याने त्या उजेडात वायरी गुंडाळल्या, यंत्र गोधडीत घातलं, खेळाची कॅसेटही पेटीत टाकली. आम्ही चौघं प्रेतयात्रेला आल्यासारखे बसून होतो.

"काय असंन वं आतमध्ये?" बागवाल्यांनी ताईंना विचारलं.

"सोनं असंन. नाहीतर राजकन्या."

"विलायती माणूस आहे," सर म्हणाले. "बहुतेक अजून एक दरवाजा असेल."

"मले वाटते, संत्रे असतीन," बागवाले म्हणाले. "एवढा चालून दमलेला माणूस. त्याले सोनं कायले पायजे? भरली टोपली ठेवली असंन कोणीतरी."

ऑटो कोपऱ्यावरून वळला, आणि लाइट आली. त्याच क्षणी. शेजारणीच्या घरून हाक आली की तिच्या फ्रीजचा प्लग कोणी काढला.

आता पत्रकाचं काय? पुढच्या अंकात शेवट असं मी छापून बसलो होतो, आणि पुणं वाट पाहत होतं. मी दोन रात्री तळमळलो. मग स्टेन्सिल घेतलं आणि शेवट छापला. दरवाजा उघडला. आत एक म्हातारा बसला होता. त्याच्यासमोर भरली टोपली. टोपलीत संत्री. म्हातारा म्हणाला, दमला असाल, खा. खेळ संपला. आता सांगा, यात खोटं काय होतं? बागवाल्यांनी ते चौघांसमोर सांगितलं होतं. मी वार्ताहर. वार्ताहराने ऐकलेलं छापलं. पाचवी प्रत पुण्याला गेली, आणि या वेळी पोस्टकार्ड आलं नाही.

हिवाळ्यात माणूसच आला. पुण्याच्या मंडळाचा म्होरक्या, कुठल्याशा लग्नासाठी नागपुरात. स्वेटर, मफलर, आणि आपल्याला थंडी वाजत नाही असा चेहरा. सीताबर्डीवर चहाच्या टपरीपाशी आम्ही चौघं त्याला भेटलो. मी विचार करून ठेवला होता की आता याच्यासमोर पाय धरायचे. साहेब, आम्ही हरलो, यंत्र गेलं, संत्र्यांचं मी लिहिलं. तुम्ही तो दरवाजा उघडलाय, एकदा सांगा मागे काय होतं, म्हणजे मी झोपेन तरी. पाय धरायला मी वाकणारच होतो.

तो म्हणाला, "आपला शेवटचा अंक वाचला. छान. अगदी बरोबर वर्णन केलंत हो."

मी अर्धा वाकलेला तसाच राहिलो. "बरोबर?"

"म्हातारा, टोपली, संत्री. आम्ही केव्हाच पाहिलं होतं. पण सांगणं नियमात बसत नाही ना."

टपरीवरचा चहा उकळून स्टोव्हवर सांडला. सरांनी चष्मा काढला. मी हळूच विचारलं, "आणि तुम्ही दिव्याचं काय केलं हो? तेलाचं?"

"कुठला दिवा?" तो म्हणाला. मग घाईने, "हां हां, तो. तो काय, लावला."

म्हणजे गुहेच्या दारातसुद्धा यांचं पाऊल पडलेलं नव्हतं. कदाचित अजून राक्षसच हसत असेल यांना पाहून. आणि वर्षभर त्या पोस्टकार्डांनी माझं अन्न गोड लागू दिलं नव्हतं! माझ्या तोंडात शिव्यांची रांग लागली. अख्खा टँकर. पण घालू कशी? हा खोटं बोलतो म्हणायचं, तर संत्री मी कुठून आणली ते सांगावं लागणार. हिंदुस्थानात दरवाज्यामागचं पाहिलेला माणूस असेल तर हाच, या आशेवर मी इतके दिवस जगलो होतो. तो दरवाजा माझ्यासाठी तिथे, बर्डीवर, चहाच्या वाफेत कायमचा बंद झाला, आणि मला हसतमुखाने त्याच्या चहाचे पैसेही द्यावे लागले.

ताई नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. बागवाले मात्र उजळले होते. त्यांनी पाहुण्याच्या पाठीवर अशी थाप मारली की मफलर सुटला.

"पाह्यलं ना सायेब? मी म्हटलंच होतं! संत्रेच असतीन म्हून!" त्यांनी पायाशी ठेवलेली टोपली उचलली आणि पुण्याच्या माणसाच्या हातात कोंबली. "घेऊन जा गा घरी. त्याच टोपलीतले हायत."